कुंकू लागलेली इंग्रजी रेकॉर्ड

मामा इंग्लंडहून पहिल्यांदा रजेवर आला, तेव्हा त्याने दोन मोठ्या पेट्या आणल्या. एकीत सगळ्यांसाठी लोकरीचे स्वेटर होते. आमच्या कांप दे मास्क गावात ते फार तर जुलैच्या, म्हणजे आमच्याकडच्या हिवाळ्याच्या, सकाळी घालता येत. दुसरीत जुन्या टॉवेलांत गुंडाळलेला तूर्न-दिस्क होता. रेकॉर्ड वाजवण्याच्या यंत्राला आम्ही सगळे बेटावरच्या क्रेओल बोलीतला हाच शब्द वापरायचो. त्याच्यासोबत रेकॉर्ड मात्र एकच होती.

सत्तरच्या दशकाचा तो मधला काळ. आमच्या बेटावरून पुष्कळ तरुण तेव्हा नर्सिंग शिकायला इंग्लंडला जात, मामा त्यांतलाच एक. आईचं माहेर आमच्या घराला लागूनच होतं, मध्ये फक्त मिरच्यांचा वाफा. त्यामुळे आईचे वडील, म्हणजे आमचे आजा, आणि आम्ही एकाच आवारात राहत असल्यासारखेच होतो. पेट्या उघडल्या गेल्या त्या आजांच्या ओसरीवर.

नवीन वस्तू घरात आली की तिला हळदीकुंकू लावायचं, ही आमच्याकडची रीत. बाबांची सायकल, शिवणाचं यंत्र, प्रेशर कुकर, सगळ्यांच्या कपाळी ते लागलं होतं. मामा तूर्न-दिस्कची वायर जोडत होता तेवढ्यात आईने करंडा आणला, यंत्राला बोट लावलं, मग पाकिटातून ती काळी थाळी काढली आणि ओल्या बोटाने तिच्यावरही एक ठसठशीत टिकली लावली.

मामाने वळून पाहिलं तेव्हा उशीर झाला होता.

"अगं ताय, हे काय केलंस?"

"काय केलं? नवी वस्तू हाय. कुंकू नको लावू?"

"लावायचं तर कव्हराला लावायचं."

"कव्हर काय वाजतंय? वाजणार ही. मग कुंकू हिलाच पायजे."

मामाने शर्टाच्या टोकाने टिकली पुसली. वरचं कुंकू निघालं, पण काही त्या बारीक रेघांमध्ये जाऊन बसलं ते कायमचंच.

ती रेकॉर्ड इंग्लंडमधल्या एका रॉक बँडची होती. रॉक म्हणजे धांगडधिंगा असेल अशी आमची समजूत. सुरुवातीला गिटारी तशा जोरात वाजल्यासुद्धा, आणि आजींनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. पण मग गाणारा अगदी सावकाश, गोष्ट सांगितल्यासारखा गाऊ लागला. मामा मधून मधून अर्थ सांगत होता. सगळी गाणी एका जुन्या गावाबद्दल होती. त्या गावात नदी पार करायची एक होडी होती, ती आता बंद झाली. दारात घंटा लावलेलं एक मिठाईचं दुकान होतं. शाळेच्या किल्ल्या सांभाळणारा एक म्हातारा होता, त्याला गावातली सगळी मुलं नावानिशी ओळखता येत. जत्रेत लाकडी घोड्यांचं चक्र फिरायचं आणि तेव्हा पाऊस हमखास यायचा.

"ह्यात रडण्यासारखं काय हाय?" बाबांनी विचारलं, कारण मामाचे डोळे भरले होते.

"काय न्हाय, भावजी. तिकडं राहिल्यावर कळतं."

"पण हे तर तिकडचंच गाव ना?"

"तेच तर," मामा म्हणाला.

रजा संपली आणि मामा गेला. जाताना यंत्र आणि रेकॉर्ड माझ्या स्वाधीन केली. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिली. आमच्याकडे माध्यमिक शाळेला कॉलेज म्हणतात. नुकतंच शिक्षण मोफत झालं होतं, नाहीतर मी त्या वयात आईबरोबर मिरच्या खुडत असते. हे उपकार मी कधी विसरले नाही. पण शाळेतलं इंग्रजी म्हणजे एक मुकी भाषा होती. पुस्तक इंग्रजी, समजावणं क्रेओलमध्ये, आणि बाहेर रस्त्यावर, बसमध्ये, दुकानात इंग्रजी बोलणारं माणूस औषधाला सापडत नसे. ही भाषा कुणी चहा पिताना, कपडे वाळत घालताना बोलत असेल असं वाटायचंच नाही. त्या रेकॉर्डमध्ये ती पहिल्यांदा माणसांच्या तोंडी ऐकली.

मी, माझा धाकटा भाऊ आणि दोन चुलत बहिणी, शाळेतून आलो की दप्तरं टाकून रेकॉर्ड लावायचो. तिसऱ्या गाण्यात, बंद पडलेल्या होडीच्या गाण्यात, कुंकवाची जागा यायची. तिथे सुई अडकायची आणि पुन्हा त्याच ओळीच्या सुरुवातीला जायची. होडी आता या काठाला थांबत नाही, अशा अर्थाची ती ओळ. यंत्राच्या लाकडावर टिचकी मारेपर्यंत ती पुन्हा पुन्हा ऐकू येई. टिचकी मारायची पाळी ठरलेली होती, पण कुणी लगेच मारत नसे. ओळ परत आली की आम्ही चौघे तिच्याबरोबर ओरडून गायचो. शब्द कुठे सुरू होतो, कुठे संपतो, श्वास कुठे घ्यायचा, सगळं आपोआप जिभेवर बसलं. एक ओळ बसल्यावर मग बाकीच्यांसाठी आम्ही हातानेच सुई मागे नेऊ लागलो. काही महिन्यांत अख्खी रेकॉर्ड आम्हाला पाठ होती. माझ्या भावाला तर अजून धड इंग्रजी मुळाक्षरं येत नव्हती.

एकदा वर्गात बाईंनी मला धडा मोठ्याने वाचायला सांगितला. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं,

"असं वाचायला कुठं शिकलीस?"

"घरी, बाई."

सगळा वर्ग हसला. माझे बाबा उसाच्या मळ्यात कामाला आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या दिवसापासून त्या मला स्वतःची पुस्तकं वाचायला देऊ लागल्या. पुढे माझं जे काही झालं त्याची सुरुवात मी तिथून धरते.

आता आजांबद्दल सांगायला हवं. आजा आमच्या गावातल्या झाकरीचे म्होरके होते. कोकणात जिला जाखडी म्हणतात, तीच ही. आमच्या पणज्या-खापरपणज्यांनी तिथून या बेटावर ऊस तोडायला येताना जहाजातून आणलेल्या थोड्या गोष्टींपैकी एक. गणपतीत मूर्तीपुढे पुरुषांनी गोल धरायचा, एका पायात घुंगरू, मध्ये ढोलकी आणि झांज, म्होरक्याने ओळ उचलायची आणि बाकीच्यांनी झेलायची. आजांना अशी कितीतरी गाणी येत. एकही कुठे लिहिलेलं नव्हतं.

मामाचा गळा गोड. त्यानेच पुढे झाकरी चालवायची असं आजांनी धरलं होतं. तो इंग्लंडला गेला. उरलेल्या गड्यांपैकी एकाचे गुडघे गेले, एक मुलाकडे शहरात राहायला गेला. त्या वर्षी श्रावण लागला तेव्हा गोलात उभी राहतील अशी माणसं उरलीच नव्हती. आजा जेवताना बाबांना म्हणाले, "यंदा पोरांनी उचललं तर ठीक. न्हायतर ढोलकी देवळात नेऊन देतो. फुडं नुसती आरती करायची."

आजा असं म्हणाले की तसं करत. त्यांनी आयुष्यभर जपलेली एकच गोष्ट होती आणि ती त्या वर्षी संपणार होती. आई त्या रात्री जेवली नाही.

मग तालीम सुरू झाली. आमच्याकडे हे ऊस तोडणीचे दिवस, त्यामुळे मोठी माणसं थकून येत. संध्याकाळी पाचच्या सुमाराला आजांच्या ओसरीवर आम्ही गावातली पोरं जमायचो. मुली झाकरीत नसत, पण पोरंच कमी पडली म्हणून आम्हालाही बसवलं. आजा डोळे मिटून गाणं उचलत आणि ते संपेपर्यंत थांबत नसत. गाणं चांगलं लांबलचक असे. त्यात खाडी, साकव, गलबत, कुठल्या कुठल्या वाड्यांची नावं. आम्ही घरी अर्धं मराठी, अर्धं क्रेओल बोलणारी मुलं. पहिल्या दोन ओळींनंतर आमचं बोट सुटायचं आणि पुढे नुसती तोंडं हलायची.

"आजा, तेवढी ओळ परत म्हणा ना," मी एकदा धीर करून म्हटलं.

"गणपतीचं गाणं मधी तोडायचं नाय. उचललं की तडीला न्यायचं. माझ्या बापानं असंच शिकवलं मला."

"पण आम्हाला येत नाही."

"कसं येईल? इंग्रजाचं बरं येतंय."

तो टोमणा आम्हाला चांगलाच लागला. आठवडाभर तालीम होऊनही आम्हाला एक गाणं धड येईना, आणि मुलं एकेक करून फुटबॉलकडे वळू लागली.

एका रविवारी दुपारी आम्ही चौघे घरात रेकॉर्ड लावून बसलो होतो. होडीचं गाणं आलं, सुई अडकली, आणि आमचा ओरडा सुरू झाला. आजा मिरच्यांचा वाफा ओलांडून आमच्याकडे आले ते बहुधा यंत्र बंद करायलाच. पण ते दारातच थांबले. रेकॉर्ड तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होती आणि आम्ही तिच्याबरोबर म्हणत होतो. माझा भाऊ तर डोळे मिटून, हात वर करून, थेट आजांसारखा.

सुई उचलून मी यंत्र थांबवलं. आता बोलणी बसणार असं वाटलं.

"काय म्हणतो तो?" आजांनी विचारलं.

"त्याच्या गावात होडी होती, आजा. ती आता थांबत नाही."

"गाव बुडालं?"

"नाही. गाव आहे. पण बदललं."

"मग जाऊन बघत का नाय? त्याच्याच देशात हाय ना?"

"ते पाकोने, आजा," माझा भाऊ म्हणाला. पाकोने म्हणजे ठाऊक नाही. तो क्रेओल शब्द आजांपुढे चालायचा नाही, पण त्या दिवशी चालला.

आजा पाटावर टेकले. "लाव परत. पयल्यापासून."

त्यांनी रेकॉर्डची एक बाजू पूर्ण ऐकली. मी जमेल तसं सांगत गेले. मिठाईच्या दुकानाला ते हसले. किल्ल्यांच्या म्हाताऱ्याला "बरा हाय" म्हणाले. मग कान देऊन म्हणाले, "ह्यांचा ढोलकीवाला चांगला. उगाच बडवत नाय." मी आजवर त्या रेकॉर्डबद्दल जाणकारांनी लिहिलेलं पुष्कळ वाचलं आहे. त्या बँडच्या ड्रमवाल्याचं इतकं नेमकं कौतुक कुणी केलेलं मला आढळलं नाही.

बाजू संपली. मग आजा स्वतःशीच गुणगुणले, आमच्या तालमीतल्या गाण्याची ओळ, खाडीपलीकडच्या गलबताची.

"आजा, ते गाव तुम्ही पाहिलंय?" मी विचारलं.

"मी कुठला? माझ्या बापानं पण पायलं नाय. त्याचा बाप तिथनं आला. तोच काय ते सांगायचा." आणि रेकॉर्डकडे हनुवटीने दाखवून म्हणाले, "ह्याच्यासारखंच."

आई स्वयंपाकघरातून गातो पिमांची थाळी घेऊन आली. ही आमच्याकडची मिरचीची भजी. आजांनी तिला विचारलं, "ही मधी अडकते कशी गं?"

"मीच कुंकू लावलं होतं, बा. तेव्हापासून अडकते."

"आणि पोरांना तिथलंच पक्कं येतं?"

"सगळ्यात पक्कं तेवढंच येतं," आई म्हणाली.

आजा हसले. पण हसताना ते दुसराच काही विचार करत आहेत हे दिसत होतं. एक भजं खाऊन ते उठून गेले.

दुसऱ्या दिवशी तालमीला बसल्यावर त्यांनी ढोलकी मांडीवर घेतली नाही. आधी देव्हाऱ्याकडे वळून हात जोडले आणि आम्हाला ऐकू जाईल असं म्हणाले, "देवा, शिकवताना तोडतो. तुज्यापुढं वाजवताना तोडणार नाय." मग आमच्याकडे वळून त्यांनी पहिली ओळ उचलली, आम्ही झेलली, आणि ते तिथेच थांबले. पुन्हा तीच ओळ. पुन्हा तीच. त्या वयात, ज्याच्या बापाने असं कधी शिकवलं नव्हतं त्या माणसाला हे किती जड गेलं असेल याची कल्पना मला आता येते. तेव्हा आम्ही नुसते खूश होतो.

फुटबॉलकडे गेलेली मुलं परत आली. ओळ आली नाही की कुणीतरी म्हणायचं, "आजा, अडका," आणि आजा अडकत. ओळ नीट बसली की स्वतःच ढोलकीच्या लाकडावर टिचकी मारून पुढे जात. बाबा तोडणीवरून आल्यावर ओसरीच्या पायरीवर बसून ऐकत आणि हळूहळू तेही म्हणू लागले. तालीम संपली की आजा स्वतः सांगत, "आता इंग्रजाचं गाव लावा." मग आम्ही सगळे उठून आमच्या घरी जायचो. ते गाव आणि आमचं खाडीपलीकडचं गाव माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेलं. इंग्रज होडीवाल्याला मी धोतर नेसवलं होतं आणि आमच्या गलबताला मिठाईच्या दुकानाच्या दारावरची घंटा लावली होती.

गणपतीच्या दिवशी ओसरी भरली. दुसऱ्या वस्तीवरचीही माणसं आली होती, कारण म्होरक्याच्या गोलात यंदा मुली आहेत ही बातमी पसरली होती. गोल धरला. घुंगरू बांधले. आजांनी गाणं उचललं आणि आम्ही झेललं. ओळीमागून ओळ निघत गेली, आणि माझ्या पायांना इतका आनंद पुढे पदवी मिळाल्यावरही झाला नाही.

गलबताच्या ओळीशी माझा भाऊ अडकला. ती ओळ त्याने तालमीत इतक्या वेळा घोळली होती की पुढे जायचं असतं हेच तो विसरला. सगळे पुढच्या ओळीत, आणि त्याने एकट्याने, डोळे मिटून, मागचीच ओळ पुन्हा खणखणीत उचलली. देवापुढे तोडणार नाही हा आजांचा शब्द होता.

आजांनी तोडलं नाही. ढोलकीचा ठेका तसाच ठेवून त्यांनी भावाच्या मागून ती ओळ घेतली. मग आम्ही सगळ्यांनी घेतली. ओळ दोनदा होऊन गाणं पुढे निघालं आणि तडीला गेलं. दुसऱ्या वस्तीवरच्या एका म्हाताऱ्याने नंतर आजांना म्हटलं, "हे दोनदा घ्यायचं मी इसरलोच होतो. माझा बाप घ्यायचा." आजांनी अगदी गंभीरपणे मान हलवली. आमच्या गावात ती ओळ आजही दोनदा घेतात.

ढोलकी देवळात गेली नाही.

पुढे मी मोका या गावी विद्यापीठात शिकले. ऐंशीचं दशक लागलं होतं. माझ्या मैत्रिणींना नाचायची गाणी लागत, कॅसेटी आल्या होत्या, आणि मामाची रेकॉर्ड लावली की त्या म्हणायच्या, "हे तुझ्या बाबांच्या वेळचं." मी वाद घालत नसे. एकदा एकीने विचारलं, त्यात असं काय आहे? मी सांगितलं, त्या गाण्यांमधलं गाव गाणाऱ्यांनी तरी पाहिलं होतं की नाही मला शंका आहे. ती तरुण मुलं होती. त्यांच्याही आजाने त्यांना ते सांगितलं असणार. म्हणून ते गाव कुणाच्याही घरात राहायला येतं. तिला हे पटलं नाही. तिने कॅसेट बदलली, आणि मीही तिच्याबरोबर नाचले.

मामा पुन्हा आला तो मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना, नेमका गणपतीच्या तोंडावर. केस विरळ झाले होते, बायको-मुलं तिकडेच. मी त्याच्यासाठी ती रेकॉर्ड लावली.

"अजून वाजते ही? तिकडं आता कोण ऐकत नाय गं."

"इथं ऐकतात," आजा म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता, आता गाणं मी उचलत असे, ते फक्त ढोलकी धरत. "ऊठ. घुंगरू बांध."

"बा, मला कुठं आठवतंय आता?"

"ते ही पोरगी बघेल."

मामा ओशाळून गोलात उभा राहिला. पहिल्या ओळीला त्याचे ओठ हलले, दुसऱ्या ओळीला थांबले. तालीमच होती, देवापुढचं गाणं नव्हतं. मी आजांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मी तीच ओळ पुन्हा उचलली, मामाकडे बघत, सावकाश. तो चुकला. मी पुन्हा उचलली. माझा भाऊ हसत होता, आई दारात पदर तोंडाला लावून उभी होती. मग मामाचा तो गोड गळा एकदम लागला, पूर्ण ओळ, एका श्वासात. आजांनी ढोलकीच्या लाकडावर टिचकी मारली आणि आम्ही पुढच्या ओळीला निघालो.